टोक गोल होतं, पण मधलं टेंगूळ जात नाही : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण कपडे अडकवायच्या खुंट्यांची पट्टी बनवली होती. एक जाड लाकडी पट्टी, तिला जरा तिरकी भोकं आणि त्या भोकांत ग्लू लावून बसवलेले डॉवेलचे म्हणजे लाकडी गोल दांडीचे तुकडे. त्यात मी "पुढची टोकं गोल करून घ्या" एवढं एका ओळीत लिहून पुढे गेलो होतो आणि तुमच्या पत्रांवरून दिसतंय की नेमकी तीच ओळ बऱ्याच जणांना अडली. बरोबरच आहे, कारण हाताला सतत लागणारा भाग तोच आणि नजरही आधी तिथेच जाते. म्हणून या वेळी दुसरं काही घेत नाही, सगळं सदर टोकांवरच.

प्रश्न : दादा, १२ मिमीच्या बीच लाकडाच्या डॉवेलच्या २४ खुंट्या कापल्यात. खुंटी ड्रिल मशीनच्या चकमध्ये म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्यांत पकडतो, मशीन चालू करतो आणि टोकावर पॉलिश पेपर धरतो. कडा झटकन गोल होतात पण मधोमध एक सपाट टिकली नाहीतर बारीकसं टेंगूळ राहतंच. ते घालवायला जोर लावला की टोक काळं पडतं. आणि सगळ्यात वैताग म्हणजे दोन खुंट्या काही केल्या एकसारख्या येत नाहीत. पेपर बदलला, स्पीड वाढवला, फरक नाही. काय चुकतंय?

तुमचा पेपर चांगलाच असणार आणि हातही. अडचण फिरण्यातच आहे, ती एकदा नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

१२ मिमी दांडीचा घेर साधारण ३७.७ मिमी. मशीन मिनिटाला १००० फेरे फिरत असेल तर दांडीची कड मिनिटाला जवळजवळ ३८ मीटर पेपरवरून घासली जाते. आता केंद्रापासून फक्त १ मिमीवरचा बिंदू घ्या, तो तेवढ्याच वेळात सव्वासहा मीटर जातो. आणि अगदी मधला बिंदू? तो जागचा हलतच नाही, शून्य. म्हणजे कडेचं लाकूड भराभर जातंय आणि मध्यावर पेपर नुसता टेकून उभा आहे. स्पीड दुप्पट केला तर कडेचं दुप्पट होईल, शून्याची दुप्पट शून्यच. जोर लावला तर पेपर आणि लाकूड एकमेकांवर तापतं, आणि टोक म्हणजे तंतू आडवे कापलेला छेद असल्यामुळे ते लगेच करपतं. तुम्हाला जे काळं दिसतंय ते तेच.

म्हणून माझं सांगणं असं की गोलाई पेपरने आणायची नाही. गोलाई कड मोडत मोडत आणायची आणि पेपर शेवटी फक्त हात फिरवायला. ही एक गोष्ट धरली की खुंटी १२ मिमीची असो की ३० ची, मशीन असो नसो, काम तसंच होतं.

आता कसं ते सांगतो. तुम्हाला अर्धा चेंडू बसवल्यासारखं पूर्ण गोल टोक हवंय असं धरू. अर्ध्या चेंडूची उंची म्हणजे त्रिज्या, १२ मिमीच्या दांडीला ६ मिमी. पण पहिली तिरकी कड म्हणजे चॅम्फर ६ मिमीवरून नाही मारायचा, तसं केलं तर थेट पेन्सिलीसारखा सुळका होईल. ४५ अंशाचा चॅम्फर त्या चेंडूला बाहेरून जेमतेम स्पर्श करून जावा असं पाहिजे, आणि हिशोब केला तर तो टोकापासून त्रिज्येच्या ०.५९ पट अंतरावर येतो. ०.६ लक्षात ठेवा, लाकडात तेवढं पुरतं. ६ मिमी त्रिज्येला साडेतीन मिमी. म्हणजे टोकापासून साडेतीन मिमीवर बाजूने पेन्सिलची रेघ, आणि टोकाच्या सपाट तोंडावर मधोमध ५ मिमी व्यासाचं छोटं वर्तुळ. रेघ आणि वर्तुळ यांच्यामधलं तिरकं लाकूड काढलं की पहिली पायरी झाली.

रेघ २४ वेळा मोजून मारत बसू नका. साडेतीन-चार मिमी जाडीच्या प्लायच्या तुकड्याला दांडी सैलसर जाईल असं भोक पाडा, तुकडा टेबलावर आडवा ठेवा, दांडी भोकातून टेबलाला टेकेपर्यंत उभी घाला आणि प्लायच्या वरच्या पृष्ठभागाला चिकटून पेन्सिल धरून दांडी एक फेरा फिरवा. झाली रेघ. सगळ्या खुंट्यांना तीच रेघ, प्लायची जाडी काही बदलत नाही.

मग चकमध्ये खुंटी पकडायची, पण जे टोक पट्टीच्या भोकात जाणार आहे ते चकमध्ये घ्या, म्हणजे जबड्यांचे तीन वळ उमटले तरी ते भोकात लपतात. बाहेर जेवढी कमी राहील तेवढं बरं, १२ मिमीची खुंटी चकच्या बाहेर ३० मिमीपेक्षा जास्त नको. ड्रिल हातात नाही धरायचं, टेबलाला क्लॅम्पने आडवं पक्कं बांधायचं, स्पीड कमी, आणि हातात मूठ बसवलेली बारीक दातांची कानस. मूठ नसलेली कानस फिरत्या वस्तूवर कधीच नको, अडकली तर तिची शेपटी तळव्यात घुसते. कानस ४५ अंशात हलकी टेकवून धरा आणि ती हळूहळू पुढे सरकत राहू द्या. लाकूड बारीक पिठासारखं पडायला लागेल. बाजूच्या रेघेकडे बघत राहा, रेघ अर्धी खाल्ली गेली की लगेच थांबा. हे २४ खुंट्यांचं एकदम करून घ्या, एकेक खुंटी पूर्ण करत बसू नका, एकसारखेपणा इथेच येतो. हात एका कोनाला सरावलेला असतो तोवर त्याच कोनाचं सगळं काम उरकायचं.

आता प्रत्येक टोकाला दोन नवीन कोपरे तयार झालेत, एक बाजूच्या रेघेपाशी, एक वरच्या वर्तुळापाशी. दुसऱ्या फेरीत तेवढे दोन कोपरे मोडायचे. इथे मोजायची गरज नाही, कानस जरा जास्त निजवली की खालचा कोपरा जातो आणि जरा जास्त उभी केली की वरचा. या दोन कोपऱ्यांचे बारीक पट्टे पडले की टोक लांबून गोलच दिसायला लागतं. मशीन बंद करून खुंटी उजेडासमोर धरा आणि बोटांनी सावकाश फिरवा, कडेची आकृती बघा, पट्टे अजून कळतात पण आकार आलेला असतो.

पेपर आता. १२० नंबरची पट्टी घ्या (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), मागे लाकूड किंवा काही कडक लावू नका, नुसती बोटांच्या पेरांवर धरा म्हणजे ती टोकाच्या आकाराने वाकते. फिरत्या टोकावर कडेकडून मध्याकडे नेत जा, दहा-पंधरा सेकंद पुरे, मग १८०. त्यानंतर मशीन बंद. मधली टिकली बंद मशीनवरच जाते, कारण तिथे हलायचं काम आता लाकडाने नाही तर पेपरने करायचंय. पेपर एका कडेवरून सुरू करून मध्यावरून थेट पलीकडच्या कडेपर्यंत ओढा, खुंटी पाव फेरा फिरवा, परत ओढा, असं चार-सहा वेळा. शेवटी २२० नंबर हातानेच. टेंगूळ गेलं की नाही हे डोळ्याने नाही कळत, डोळे मिटून बोटाचं पेर टोकावर फिरवा, लगेच कळतं.

एक राहिलंच. चकमध्ये खुंटी लटपटत फिरताना दिसली तर नेहमी चकचा दोष नसतो. लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेने जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच त्याच्या काटकोनात, म्हणजे खोडाच्या मध्याकडे जाणाऱ्या दिशेने आकसतं, त्यामुळे कारखान्यातून गोल निघालेली दांडी पुढे वाळली की थोडी अंडाकृती होते. कॅलिपर असेल तर दोन बाजूंनी माप घेऊन बघा, ०.२-०.३ मिमीचा फरक सहज सापडतो. खुंटीला त्याने काही बिघडत नाही, फक्त अशी लटपटणारी खुंटी मशीनवर संपवू नका, शेवटचं पूर्ण हाताने करा.

प्रश्न : काका, मी शाळेच्या प्रोजेक्टसाठी पेग बोर्ड बनवतोय. ८ मिमी आणि ६ मिमीच्या दांड्या आहेत. आमच्याकडे मशीन नाहीये, करवत, एक कानस आणि पॉलिश पेपर आहे. मित्र म्हणतो शार्पनरमध्ये घालून फिरव. चालेल का?

चालेल, पण तुला वाटतंय तसं नाही. शार्पनर पेन्सिलीला लांब निमुळता सुळका करतो, तुला टोक पाहिजे बुटकं आणि गोल. त्यामुळे शार्पनरमध्ये दांडी दोन-तीन फेरेच फिरवायची, कडेची एक बारीक चकती निघून आली की थांबायचं. तेवढ्याने कोपरा सारखा मोडतो, ते काम शार्पनर कानशीपेक्षा छान करतो. पण पातं नवीन पाहिजे. बोथट पातं कठीण लाकडावर कापत नाही, थडथडतं आणि दांडीवर लाटा उठवतं. ८ मिमीची दांडी साध्या शार्पनरच्या भोकात घट्ट जाते किंवा जात नाही, मग दोन भोकांचा शार्पनर येतो त्यातलं मोठं भोक वापर.

दांडी कापतानाच काळजी घेतलीस तर पुढचं निम्मं काम वाचेल बघ. जिथे कापायचंय तिथे मास्किंग टेपचा एक वेढा घट्ट दे, टेपवर रेघ मार आणि बारीक दातांच्या करवतीने दांडी थोडी थोडी फिरवत सगळ्या बाजूंनी काप. एकाच बाजूने आरपार कापलीस तर शेवटी पलीकडे टवका उडतो आणि तो टवका घालवायला मग टोक दोन मिमी आत न्यावं लागतं.

गोल करायला माझी आवडती युक्ती सांगतो. जुना माउसपॅड किंवा चपलेचा मऊ रबरी तळ घे, त्यावर १२० नंबरचा पेपर पसर आणि कडेला टेप लाव. आता दांडी पेनासारखी धर, शार्पनरने मोडलेलं टोक पेपरवर टेकव आणि छोटी छोटी वर्तुळं काढ, काढता काढता दांडी बोटांत फिरवत राहा आणि कधी उभी, कधी तिरकी कर. खालचं मऊ असल्यामुळे पेपर दबतो आणि टोकाभोवती वाटीसारखा बसतो, मध्यावरही घासला जातो. मशीनपेक्षा वेळ जास्त लागेल पण मधलं टेंगूळ राहणारच नाही. दर आठ-दहा पेगनंतर पेपर नवीन जागेवर सरकव.

सगळे पेग सारखे झालेत का हे बघायला गंमत कर. फायलीत कागद लावायला जे पंचिंग मशीन असतं त्याचं भोक ६ मिमी व्यासाचं असतं. जाडसर कार्डला त्याने भोक पाड आणि भोकाच्या बरोबर मधून कार्ड सरळ कापून टाक, कडेला जो अर्धगोल राहील ते तुझ्या ६ मिमी दांडीचं माप. टोकावर धरून उजेडात बघ, कुठून उजेड आला तर कुठे जास्त गेलंय आणि कुठे टेकतंय तिथे अजून काढायचंय. ८ मिमीसाठी ८ मिमीच्या ड्रिल बिटने लाकडी पट्टीला भोक पाडून तसंच कर.

चाकूने सोलायचं असेल तर घरातलं मोठं माणूस शेजारी असू दे, आणि चाकू नेहमी दांडीकडून टोकाकडे आणि अंगापासून लांब. टोकाकडून दांडीकडे गेलास तर पातं लाकडाच्या रेषांच्या खाली शिरतं आणि लांबच लांब ढलपी निघते.

प्रश्न : फळ्या जोडायला भोकात डॉवेल घालतो तेव्हाही टोकं गोल करावी लागतात का? मी ८ मिमीच्या, ३० मिमी लांबीच्या दांड्यांची टोकं मन लावून पूर्ण गोल केली, भरपूर ग्लू घातला, ठोकली, तर एक पूर्ण आत गेलीच नाही आणि दुसऱ्या ठिकाणी फळी उकलली.

तुमच्या मेहनतीचं वाईट वाटतं, पण इथे ती मेहनत उलटी पडली. जोडाच्या आत लपणाऱ्या डॉवेलला गोल टोक नको, फक्त कड मोडलेली पाहिजे, एक ते दीड मिमीचा चॅम्फर, बास. कारण बघा, ८ मिमीच्या दांडीचं टोक अर्धगोल केलंत की प्रत्येक बाजूला ४ मिमी लांबी भोकाच्या भिंतीपासून सुटत जाते. दोन्ही टोकांची मिळून ८ मिमी, म्हणजे ३० मिमीतली पाव लांबी, ग्लू धरायच्या कामातून जवळजवळ गेलीच. चॅम्फर मात्र पाहिजेच, त्याने दांडी भोकात वाट शोधते आणि भोकाच्या भिंतीवरचा ग्लू खरवडून तळाशी ढकलत नाही.

फळी उकलली ती ग्लूमुळे. घट्ट बसणारी दांडी भोकात शिरली की ती पंपाच्या दट्ट्यासारखं काम करते, खाली ग्लू आणि हवा कोंडली जाते, ग्लू दबत नाही, वर तुम्ही हातोडीने मारताय, मग तो दाब फळीच्या रेषा फोडूनच बाहेर पडतो. म्हणून विकत मिळणाऱ्या जोडाच्या डॉवेलला लांबीने खाचा असतात, ग्लू आणि हवा त्यातून वर येते. तुमच्या दांडीला खाचा नसतील तर करवतीच्या पात्याने लांबीभर एक-दोन उथळ खाचा ओढा. भोकांची एकूण खोली दांडीपेक्षा दोन-तीन मिमी जास्त ठेवा, म्हणजे ३० मिमीच्या दांडीला दोन्ही फळ्यांत मिळून ३२-३३. ग्लू भोकात ओतायचा नाही, काडीने भिंतीला लावायचा, दांडीला अगदी पातळ हात. आणि दांडीचा व्यास फळीच्या जाडीच्या एक तृतीयांश ते निम्म्याच्या मधे, १८ मिमी फळीला ६ किंवा ८ मिमी ठीक. १२ मिमीच्या फळीत तुम्ही ८ मिमी घातली असेल तर दोन्ही बाजूंना दोनच मिमी लाकूड उरलं, ते उकलायला ग्लूचीही गरज नाही.

प्रश्न : ३० मिमी जाडीचा लांब दांडा आहे, पडद्याच्या रॉडसाठी. दोन्ही टोकं गोल करायची आहेत. माझ्या ड्रिलच्या चकमध्ये १३ मिमीच्या वर काही जात नाही. राऊटर (फिरत्या बिटने लाकडाची कड कोरायचं मशीन) आहे, तो वापरू का?

लांब दांडा फिरवायचा विचारच सोडून द्या, चकमध्ये गेला असता तरी. एका टोकाला धरून फिरवलेला लांब दांडा चाबकासारखा झोकांड्या खातो आणि आवरेपर्यंत लागायचं ते लागतं.

राऊटरचं सांगायचं तर टेबलवर बसवलेला राऊटर, काम टेकवून सरळ सरकवायची कुंपणाची पट्टी आणि दांडा धरणारा ठोकळा हे सगळं असेल तर ३० मिमीच्या टोकाची कड राउंडओव्हर म्हणजे कड गोल करणाऱ्या बिटने छान निघते. पण गोल दांडा हा बिटने हातातून हिसकावून फिरवण्यासारखा सगळ्यात सोपा आकार आहे, त्याला सपाट बूडच नाही. ठोकळ्याला दांडा जेमतेम जाईल असं आरपार भोक पाडून त्यातून दांडा घातल्याशिवाय हे करू नका, आणि हातात धरायच्या राऊटरने तर नाहीच. तुमची दोनच टोकं आहेत. दोन टोकांसाठी एवढी तयारी करण्यात जो वेळ जाईल त्याच्या अर्ध्या वेळात हाताने होतं आणि मला विचाराल तर हाताने जास्त देखणं होतं.

दोन लाकडी ठोकळ्यांना व्ही आकाराची खाच काढा, त्यांच्यात दांडा धरून व्हाइसमध्ये आवळा, टोक १०-१२ सेंटीमीटर बाहेर. त्रिज्या १५, तिची ०.६ पट म्हणजे ९ मिमी. टोकापासून ९ मिमीवर रेघ, तोंडावर मधोमध साधारण १२ मिमी व्यासाचं वर्तुळ. मग धारदार पटाशीने किंवा छोट्या रंध्याने ४५ अंशात सोलायचं, नेहमी दांड्याकडून टोकाकडे. आधी समोरासमोर चार पट्टे, मग त्यांच्या मधले चार, आठ पट्टे झाले की त्यांच्या मधल्या धारा, सोळा. दांडा दर वेळी व्हाइस सैल करून थोडा फिरवायचा. सोळा पट्टे झाल्यावर चॅम्फर जवळजवळ गोल दिसतो. मग पहिल्या उत्तरातलेच दोन कोपरे मोडायचे, एक खालचा एक वरचा, आणि एवढ्या जाड दांड्याला मी आणखी एक फेरी करतो, त्या दोन कोपऱ्यांतून झालेले चार कोपरेही हलके मोडतो. मग पेपरची तीन-चार सेंटीमीटर रुंद लांब पट्टी घ्या, दोन्ही हातांत दोन टोकं धरा आणि बूट पुसताना कापड ओढतात तसं टोकावरून वर-खाली ओढत दांड्याभोवती फिरा. सोळा पट्ट्यांच्या धारा पाच मिनिटांत नाहीशा होतात.

धार पक्की पाहिजे हे मात्र आहे. आडव्या छेदाजवळ बोथट पटाशी कापत नाही, तंतू चिरडते, आणि ती चिरडलेली जागा पॉलिश लावल्यावर डाग होऊन वर येते.

प्रश्न : दादा, खुंट्या छान गुळगुळीत झाल्या पण तेल लावल्यावर टोकं एकदम काळपट झाली आणि दांडी फिकी राहिली. लाकूड खराब आहे का?

लाकूड चांगलं आहे. झाडात पाणी वर चढतं ज्या बारीक नळ्यांतून, त्या दांडीत लांबीने असतात आणि टोकाशी त्यांची तोंडं उघडी पडतात, म्हणून टोक तेल गटागटा पितं आणि गडद होतं. उपाय असा की टोकाला दांडीपेक्षा एक-दोन नंबर बारीक पेपर मारायचा, दांडीला २२० तर टोकाला ३२० किंवा ४००, त्याने तोंडं बऱ्यापैकी बंद होतात. दुसरं म्हणजे शेलॅक किंवा जे काही पॉलिश असेल ते पातळ करून आधी फक्त टोकांना एक हात द्या, वाळू द्या, हलका पेपर मारा आणि मग सगळ्या खुंटीला एकसारखं लावा. तेलच वापरणार असाल तर आधी तेलाचाच हात टोकाला देऊन लगेच पुसून घ्या. फरक पूर्ण जाणार नाही आणि मला स्वतःला टोकाचा थोडा गडदपणा आवडतो, पण तो सगळ्या खुंट्यांना सारखा पाहिजे.

मशीनवर करपलेली टोकं असतील तर त्यावर पॉलिश लावून झाकायला जाऊ नका, ती आणखी उठून दिसतात. १२० पासून परत या, हाताने.

प्रश्न : दोन वर्षांच्या पुतण्यासाठी रंगीत खुंट्यांचं खेळणं करतेय. टोकं गोल केली की सुरक्षित झालं ना?

ताई, टोक गोल केल्याने बोचणार नाही एवढंच. त्या वयात सगळं तोंडात जातं, त्यामुळे खरा प्रश्न आकाराचा आहे. ३ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी तपासणीला एक नळकांडं वापरतात, त्याचा व्यास ३१.७ मिमी आणि तळ तिरका, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिमी. जो तुकडा कुठल्याही बाजूने त्यात पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो असं धरतात. म्हणजे १२ मिमी जाडीची, ५ सेंटीमीटरची सुटी खुंटी मुळीच नको, टोक कितीही छान गोल असलं तरी. ३५ मिमी किंवा त्याहून जाड दांडा घ्या, किंवा खुंट्या पाटाला ग्लू लावून कायमच्या पक्क्या करा आणि मुलाला वर-खाली करायला मोठ्या रिंगा द्या. आणि लांब बारीक उभी खुंटीही नको, मूल तोल जाऊन तिच्यावर पडलं तर गोल टोकही डोळ्याला लागतं. खुंट्या आखूड आणि जाड, टोक पूर्ण घुमटाकार.

प्रश्न : मोजे घालून मशीनवर काम केलं तर चालतं का, हात सोलवटतो.

फिरत्या चकपाशी हातमोजे अजिबात नाही. मोज्याचा एक धागा गुंतला तरी मोजा आत जातो आणि मोज्याबरोबर बोट. पूर्ण बाह्याही दुमडून घ्या, ओढणी, गळ्यातलं, मोकळे केस सगळं बांधून. सोलवटणाऱ्या बोटाला मास्किंग टेपचा एक वेढा पुरतो. चष्मा घाला आणि मास्क लावा. टोकांचा भुसा फार बारीक उडतो, दिसतही नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाच्या भुशाला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवलंय. रोज तासन् तास काम करणाऱ्यांना त्याचा धोका जास्त, पण एका संध्याकाळच्या २४ खुंट्यांनाही मास्क लावायला काय जातं.

प्रश्न : बांबूच्या काड्यांना हेच सगळं चालेल?

पेपरचं चालेल, चाकूचं नाही. बांबू हे लाकूड नाही, गवताच्या कुळातलं आहे, तंतू लांब आणि सरळ, बाहेरच्या बाजूला दाट आणि कडक, आतल्या बाजूला विरळ. चाकू लावला की तो कडक बाजूवरून घसरतो नाहीतर थेट लांबीने उकलतो. शार्पनरही नको. टेपचा वेढा देऊन बारीक करवतीने कापा, टेप तशीच राहू द्या, १२० च्या पेपरवर मऊ बैठकीवर वर्तुळं काढून टोक गोल करा आणि टेप अगदी शेवटी, दांडीकडून टोकाकडे सोलत काढा. उलटी ओढलीत तर टेपबरोबर कुसळं निघून येतात.

प्रश्न : खुंटी आधी बसवून मग टोक गोल करायचं की आधी गोल करून मग बसवायची?

आधी गोल करून, आणि पॉलिशचा पहिला हातही आधीच देऊन. बसवताना गोल टोकावर हातोडी पडते आणि केलेलं सगळं चेपतं, म्हणून एका टाकाऊ ठोकळ्यात टोकाच्या आकाराचा खळगा करून ठेवा, त्यात कापडाचा तुकडा घाला, तो ठोकळा खुंटीवर धरा आणि ठोकळ्यावर मारा. ग्लू भोकाच्या भिंतीलाच लावा, खुंटीला लावलात तर आत जाताना तो सगळा मागे सरकून बाहेर कड्यासारखा गोळा होतो आणि गोल टोकाच्या खालची ती जागा नंतर नीट पुसता येत नाही.